प्लीहेची बोळवण एका ओळीत करू नका: जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्या पुस्तकांत हृदयाला अख्खे प्रकरण मिळते, मूत्रपिंडाला आकृत्यांसह चार-पाच पाने मिळतात, यकृताची कामे पाठ करता करता मुलांच्या नाकी नऊ येतात. प्लीहेच्या, म्हणजे पानथरीच्या, वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकच ओळ येते: जुन्या तांबड्या पेशी येथे नष्ट होतात, म्हणून हिला तांबड्या पेशींचे स्मशान म्हणतात. एखादा लेखक जरा सढळ हाताचा असला तर 'शरीराची रक्तपेढी' असे आणखी एक बिरुद लावतो आणि प्लीहा काढून टाकली तरी माणूस जगतो, अशी पुस्ती जोडून पुढच्या अवयवाकडे वळतो.

मी प्राणिशास्त्र शिकवते. ही तीनही विधाने खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. ती अर्धवट आहेत, आणि अशा बेताने अर्धवट आहेत की मुख्य गोष्टच हातातून निसटते. स्मशान काय किंवा पेढी काय, ही प्लीहेने काही प्राण्यांत अंगावर घेतलेली जास्तीची कामे आहेत. तिचे सर्वांत जुने आणि सर्वांत समान काम आहे वाहत्या रक्ताची तपासणी. रक्तात काय शिरले, कोण शिरले, त्याला ओळखायचे आणि त्याच्याविरुद्ध पेशी तयार करायच्या. हे काम शार्कमध्येही चालते आणि माणसातही. मग पुस्तकात सुरुवात तिथून का होत नाही?

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये एक मोठी फूट आहे, जबडा असलेले आणि नसलेले अशी. आज जबडा नसलेले दोनच गट उरले आहेत, लॅम्प्री आणि हॅगफिश. दोघांनाही प्लीहा नाही. लॅम्प्रीच्या अळीत आतड्याच्या आत लांबलचक घडी असते आणि त्या घडीत रक्तपेशी तयार होतात. हॅगफिशमध्ये अशा पेशी आतड्याच्या भिंतीत विखुरलेल्या सापडतात. स्वतंत्र, वेगळा काढून दाखवता येईल असा अवयव नाही. जबड्याच्या प्राण्यांकडे आलात की चित्र पालटते. शार्क, हाडांचे मासे, बेडूक, साप, पक्षी, सस्तन प्राणी, कुठेही जा, प्लीहा हजर. मऊ ऊतींचे जीवाश्म सहसा राहत नाहीत, त्यामुळे पहिली प्लीहा कुणी खडकातून खणून काढलेली नाही. पण शार्क आणि हाडांचे मासे यांचा समाईक पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि दोन्ही शाखांत प्लीहा आहे. तेव्हा ती निदान तितकी जुनी असणार, हा तर्क सरळ आहे.

याच जबड्याच्या प्राण्यांत आणखी एक गोष्ट अवतरते. आपल्या ओळखीची प्रतिपिंडे आणि त्यांच्या आधारे एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणारी प्रतिकारव्यवस्था. लॅम्प्रीकडेही आठवण ठेवणारी व्यवस्था आहे, पण तिचे रेणू अगदीच निराळ्या घराण्यातले. २००४ साली ते उघडकीस आले तेव्हा रोगप्रतिकारशास्त्रात चांगलीच खळबळ उडाली होती. आपल्या पद्धतीची प्रतिपिंडे आणि प्लीहा मात्र प्राण्यांच्या एकाच गटात आढळतात. हा योगायोग मानायला मी तयार नाही. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना नेमका जंतू भेटायचा तर भेटीची जागा लागते. रक्तातून आलेल्या जंतूसाठी ती जागा म्हणजे प्लीहा.

तुमच्या पुस्तकांत लसिका गाठींना (लिम्फ नोड) प्लीहेपेक्षा जास्त जागा असते. उत्क्रांतीच्या क्रमात त्या फार उशिरा आल्या. व्यवस्थित बांधणीच्या लसिका गाठी ही मुख्यतः सस्तन प्राण्यांची मिरास. काही पाणपक्ष्यांत त्यांचे साधे रूप दिसते, बाकी माशांत, बेडकांत, कोंबडीत त्या नाहीतच. शार्कला तर हाडेच नाहीत, त्यामुळे अस्थिमज्जाही नाही. रक्तपेशी बनवण्याचे काम त्याच्या शरीरात जननग्रंथींना आणि अन्ननलिकेला लागून असलेल्या वेगळ्याच ऊती करतात. पण प्लीहा आहे, आणि तिच्यात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचे पुंजकेही आहेत. मज्जेआधीची, लसिका गाठींआधीची ही संस्था आहे. तिला प्रकरणाच्या शेवटी 'इतर अवयव' या मथळ्याखाली कोंबणे मला खटकते.

प्रयोगशाळेत सस्तन प्राण्याची प्लीहा आडवी कापून मुलांसमोर ठेवली की अर्धा तास बोलावे लागत नाही. कापलेला पृष्ठभाग गडद, जांभळट लाल असतो आणि त्यावर मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक पांढुरके ठिपके विखुरलेले असतात. नुसत्या डोळ्यांना दिसतात. लाल भाग म्हणजे लाल गर, रक्त गाळणारा. पांढरे ठिपके म्हणजे पांढरा गर, बारीक धमन्यांभोवती जमलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची वस्ती. दोन वेगळी खाती एकाच इमारतीत. सुरीच्या पात्यावर लाल गर सहज खरवडून येतो, पांढरे ठिपके जागचे हलत नाहीत. हे पाहिलेल्या मुलाला 'स्मशान' हा शब्द पुरत नाही, ते लगेच विचारते की मग हे पांढरे काय आहे. तुमच्या आकृतीत प्लीहा म्हणजे जठराशेजारी काढलेला एकरंगी घेवडा असतो. निदान तिचा छेद तरी छापा.

जठराशेजारच्या जागेबद्दलही एक वाक्य हवे. पचनसंस्थेच्या आकृतीत तिथेच चितारल्यामुळे मुले प्लीहेला पचनाचा अवयव समजतात. प्रत्यक्षात ती आतड्यापासून बनत नाही. गर्भात जठराला मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यातल्या मध्यस्तरातून, म्हणजे गर्भाच्या मधल्या पेशीथरातून ती तयार होते. १९९४ साली उंदरांत हॉक्स-११ नावाचे एक जनुक बंद केले तेव्हा बाकीचे सगळे अवयव जागच्या जागी आले, फक्त प्लीहा बनलीच नाही. शेजार मात्र जुना आहे. फुप्फुसमाशांमध्ये प्लीहा चक्क अन्नमार्गाच्या भिंतीतच दडलेली असते. सापांमध्ये ती छोटी, गोल आणि स्वादुपिंडाला चिकटलेली, कधी कधी त्यातच मिसळलेली सापडते. कोंबडीत ग्रंथिमय जठर आणि पेषणी यांच्या सांध्यावर लालसर तपकिरी गोटी दिसते, तीच प्लीहा. घोड्याची विळ्यासारखी, डुकराची लांब पट्ट्यासारखी.

माशांकडे थोडे थांबते, कारण पुस्तकांत मासे नेहमी कल्ल्यांपाशीच संपतात. माशाच्या प्लीहेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात काळे-तपकिरी-पिवळट डाग दिसतात. ते रंगद्रव्याने भरलेल्या भक्षक पेशींचे गट असतात. मेलेल्या पेशींचा गाळ, लोह, मेलॅनिन हे सगळे त्या पोटात घेऊन बसतात. मासा म्हातारा झाला, उपाशी राहिला किंवा प्रदूषित पाण्यात वाढला की हे डाग वाढतात, म्हणून पाण्याची प्रकृती तपासणारे शास्त्रज्ञ माशांच्या प्लीहेचे काप पाहतात. नदीच्या प्रदूषणावरच्या प्रकरणात हे उदाहरण किती चपखल बसेल!

उभयचरांबद्दल इतकेच सांगते की न्यूटसारख्या शेपटीवाल्या उभयचरांमध्ये तांबड्या पेशी बनवण्याचे मुख्य काम प्लीहाच करते. म्हणजे जिला तुम्ही स्मशान म्हणता, ते तिथे प्रसूतिगृह आहे. उंदराच्या प्लीहेतही जन्मभर थोड्याफार तांबड्या पेशी बनत राहतात. प्रौढ माणसात निरोगी अवस्थेत हे काम थांबलेले असते. पुस्तकातले वाक्य कुठल्या प्राण्याबद्दल आहे, हे त्या वाक्यातच लिहिले तर केवढा घोळ टळेल.

आता रक्तपेढीकडे येते. हे बिरुद आले कुठून, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. १९२० च्या दशकात जोसेफ बारक्रॉफ्ट या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने पोटाबाहेर, त्वचेलगत आणून बसवली आणि तिचा आकार दिवसेंदिवस मोजला. आजच्या नजरेला हा प्रयोग क्रूर वाटेल. पण त्यातून दिसले ते असे की कुत्रा पळाला की प्लीहा आक्रसते, आणि नुसता उत्तेजित झाला तरीही आक्रसते. साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ढकलल्या जातात.

या बाबतीत घोड्याचा हात कुणी धरू शकत नाही. शर्यतीचा घोडा निवांत उभा असताना त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते. भरधाव सुटला की तेच ६० टक्क्यांच्या वर जाते, तेही मिनिटभरात. इतक्या झटपट नव्या पेशी बनत नाहीत. प्लीहेचे आवरण आणि आतल्या पट्ट्या स्नायूंनी भरलेल्या असतात. ॲड्रिनॅलिनचा इशारा मिळताच ती पिळली जाते आणि कित्येक लिटर घट्ट रक्त अभिसरणात येते. पशुवैद्यांना हे रोजच्या कामात सांभाळावे लागते. बिथरलेल्या घोड्याच्या मानेतून काढलेले रक्त तपासले तर अहवालात पेशी भरघोस दिसतात, आणि त्याच घोड्याला गुंगीचे औषध दिले तर प्लीहा सैलावते, पेशी आत ओढल्या जातात आणि आकडा धाडकन खाली येतो. घोडा तोच, रक्तही तेच, प्लीहेचा हिशेब तेवढा वेगळा. गंमत म्हणजे प्लीहा धावपटूंना अडथळा आणते अशी रोमन काळात समजूत होती. रोमन लेखक प्लिनीने ती नोंदवूनही ठेवली आहे. त्याने घोड्याकडे नीट पाहायला हवे होते.

अंटार्क्टिकातला वेडेल सील हा या कलेतला दुसरा उस्ताद. हा प्राणी बर्फाखाली शेकडो मीटर खोल जातो आणि वेळ पडल्यास तासाभराहून अधिक श्वास रोखतो. १९८० च्या दशकात वॉरन झापोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या पाण्यात बुडी मारणाऱ्या सीलच्या अंगावर रक्ताचे नमुने घेणारी यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा बुडी सुरू झाल्यावर काही मिनिटांतच रक्तातल्या तांबड्या पेशी झपाट्याने वाढत असल्याचे दिसले. पोटात दडवलेला प्राणवायूचा साठा प्लीहेतून बाहेर येत होता. मग हा साठा कायम रक्तातच का ठेवत नाही? कारण घट्ट रक्त ढकलायला हृदयाला जास्त कष्ट पडतात. बर्फावर लोळत पडलेल्या सीलला पातळ रक्त परवडते. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात राहणारे अंटार्क्टिकातले काही मासे हाच व्यवहार करतात. थंडीने रक्त आधीच दाट झालेले असते, म्हणून स्वस्थ असताना पेशी प्लीहेत आणि धडपड सुरू झाली की बाहेर.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की सगळ्यात मोठी प्लीहा देवमाशाची असणार. तिथेच फसगत होते. देवमासे आणि डॉल्फिन यांची प्लीहा चिमुकली, गोलसर असते, शरीराच्या वजनाच्या हजाराव्या हिश्शाइतकीही नाही. डॉल्फिनमध्ये तर तिच्या आसपास आणखी छोट्या उपप्लीहा विखुरलेल्या आढळतात. तरी स्पर्म व्हेल किलोमीटरभर खोल जातो. त्याने आपला प्राणवायू भरपूर रक्तात आणि मायोग्लोबिनने (प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाने) काळपट झालेल्या स्नायूंत ठेवला आहे. बुडी मारण्याच्या एकाच अडचणीवर दोन कुळांनी दोन तोडगे काढले. विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा प्रश्न हवा असेल तर हा घ्या: सीलची प्लीहा मोठी, देवमाशाची छोटी, दोघेही पट्टीचे पाणबुडे, असे का? आणि साठ्याची जागा प्लीहाच असायला हवी असेही नाही. काचबेडूक झोपतात तेव्हा सुमारे ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात लपवतात आणि जवळजवळ पारदर्शक होतात. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

माणूस या पेढीच्या धंद्यात फार छोटा खातेदार आहे. आपली प्लीहा दीडशे-दोनशे ग्रॅमची, आवरणात स्नायू जेमतेम. श्वास रोखून धरला तर ती थोडी आक्रसते आणि हिमोग्लोबिन काही टक्क्यांनी वाढते, एवढेच. तेव्हा माणसाच्या प्रकरणात 'रक्तपेढी' लिहिणे म्हणजे घोड्याची ऐट माणसाला चढवणे झाले. अपवाद सांगायचा तर आग्नेय आशियातल्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून जगणाऱ्या बाजाऊ लोकांचा सांगा. मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की त्यांची प्लीहा शेजारच्या, शेती करणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा जवळजवळ ५० टक्क्यांनी मोठी आहे. बाजाऊंमधल्या बुड्या न मारणाऱ्यांचीही ती मोठीच होती, म्हणजे हा नुसता सरावाचा परिणाम नव्हे. पीडीई-१०-ए या जनुकाचा एक प्रकार त्याच्याशी निगडित सापडला. नैसर्गिक निवड माणसात आजही काम करते, याला इतके ताजे उदाहरण सहज मिळत नाही. उत्क्रांतीच्या धड्यात काळ्या-पांढऱ्या पतंगांच्या शेजारी ते बसवा.

राहिले स्मशान. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी मोडीत निघतात. प्लीहेच्या लाल गरात रक्ताला शिरांमध्ये परतायचे तर भिंतीतल्या साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून अरुंद फटींतून जावे लागते. पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन. तरणी, लवचीक पेशी अंग चोरून निसटते. ताठरलेली अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातले लोह पुन्हा वापरात येते. रोज वीस मिलिग्रॅमच्या वर लोह असे परत फिरते, तर अन्नातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम उचलते. इथे एक गोष्ट पुस्तकांत हटकून गाळली जाते. प्लीहा काढल्यावर निरोगी तांबड्या पेशींचे आयुष्य फारसे वाढत नाही. यकृतातल्या आणि मज्जेतल्या भक्षक पेशी ते काम उचलतात. म्हणजे स्मशान दुसरीकडेही आहे. प्लीहेची खासियत पेशीला मारण्यात नाही, सुधारून सोडण्यात आहे: त्या फटीतून जाताना पेशीच्या पोटातला नको असलेला कण, उरलेसुरले केंद्रकाचे तुकडे, मलेरियाचा परजीवी, तेवढे खुडून काढले जाते आणि पेशी पुढे जाते. प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, काही तांबड्या पेशींत गडद जांभळा, गोल ठिपका दिसतो. हेच ते न खुडलेले केंद्रकाचे अवशेष, हॉवेल-जॉली कण. पक्षी, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींत मुळात केंद्रक असतेच, तेव्हा ही खुडणी तिथे निरर्थक. केंद्रक टाकून दिलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींनी प्लीहेला हे नवे काम लावले.

आणि शेवटी ती पुस्ती, काढली तरी चालते. हे वाक्य मला खरोखर धोकादायक वाटते, कारण ते वाचून मोठे झालेले लोक पुढे रुग्ण होतात, नातेवाईक होतात. अपघातात प्लीहा फाटली तर ती काढणे जीव वाचवते, यात वाद नाही. पण १९५२ मध्ये किंग आणि शुमॅकर यांनी प्लीहा काढलेल्या लहान बाळांना जीवघेणा जंतुसंसर्ग होत असल्याचे दाखवून दिले. १९७७ मध्ये दुसऱ्या महायुद्धात प्लीहा गमावलेल्या ७४० अमेरिकन सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. न्यूमोनियाने आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. जंतुसंसर्गामागचे कारण तेच, पांढरा गर. न्यूमोकॉकससारख्या काही जिवाणूंच्या अंगावर शर्करांचे निसरडे कवच असते. त्याला ओळखून झटपट प्रतिपिंडे सोडणाऱ्या खास बी पेशी प्लीहेत पांढऱ्या आणि लाल गराच्या सीमेवर बसलेल्या असतात. त्या गेल्या की साध्या तापाचे काही तासांत रक्तात पसरणाऱ्या जीवघेण्या जंतुसंसर्गात रूपांतर होऊ शकते. याशिवाय २००९ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून कळले की मोनोसाइट या पांढऱ्या पेशींची मोठी राखीव फौज प्लीहेत असते आणि हृदयाला इजा झाली की ती तिकडे धावते. बिनकामाच्या अवयवाला हे शोभत नाही.

पुढच्या आवृत्तीत पाने वाढवता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. छेदाची आकृती आणि शार्क, घोडा, देवमासा, माणूस अशी चार प्राण्यांची छोटी तुलना अर्ध्या पानात मावते. 'माणूस प्लीहेवाचून जगतो' हे वाक्य ठेवायचेच असेल तर त्याला लागूनच हेही छापा: अशा व्यक्तीने न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांविरुद्धच्या लसी घेणे आवश्यक असते, नियोजित शस्त्रक्रिया असेल तर शक्यतो आधीच, आणि ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून आपल्याला प्लीहा नाही हे सांगायचे असते.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका